साखळ्या निम्म्याने कमी करा

१९४३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधला कॉमिक्सचा प्रकाशक मॅक्स गेन्स चांगलाच पेचात सापडला. त्याच्या हातात लष्करातल्या एका सार्जंटचं पत्र होतं. युद्ध चालू होतं, बराकींमध्ये दहा सेंटांची कॉमिक्स पोत्याने वाचली जात होती, तेव्हा जवानाचं कौतुकाचं पत्र येणं नवलाचं नव्हतं. या पत्रातलं कौतुक मात्र वेगळ्या जातीचं होतं. साखळदंडात बांधलेली सुंदर स्त्री पाहिली की आपल्याला विशेष सुख होतं, असं त्या गृहस्थाने मोकळेपणाने लिहिलं होतं, आणि आपल्या आवडीचा माल या पुस्तकांत भरपूर मिळतो म्हणून आभारही मानले होते. पुस्तक होतं 'वंडर वुमन'. वाचक मुख्यतः शाळकरी मुलंमुली.

गेन्सने ते पत्र लेखकाकडे धाडलं आणि सोबत एक यादी जोडली. ती केली होती त्याच्या कचेरीतल्या डोरोथी रूबिचेक या तरुण संपादिकेने. साखळ्या न वापरता स्त्रियांना कोंडून ठेवण्याचे इतर उपाय कोणते, याची ती यादी! हे उपाय वापरले तर साखळ्यांचा वापर ५० ते ७५ टक्क्यांनी कमी करता येईल आणि गोष्टीतली रंगत किंवा पुस्तकाचा खप काही घटणार नाही, असा गेन्सचा हिशेब होता. स्त्रियांना बांधूच नका, असं कोणी म्हणत नव्हतं. प्रश्न प्रमाणाचा होता.

सुपरहिरोंच्या जगात बाईचं काय झालं, याचा इतिहास सांगायला मला ही यादी फार सोयीची वाटते. नायिकेला बळ किती द्यायचं, ते केव्हा काढून घ्यायचं, तिला कुठे बसवायचं, याचे हिशेब कचेरीत होत राहिले, आणि प्रत्येक वेळी त्या कचेरीत एखादी बाई कागद-पेन्सिल घेऊन बसलेली होती. तिचं नाव मात्र पुस्तकावर नव्हतं.

वंडर वुमनची मूळ कथा पुष्कळांना सिनेमामुळे ठाऊक आहे. पुरुषांपासून दूर, एका बेटावर राहणाऱ्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया. त्यांची राणी हिपोलिटा मातीची मुलगी घडवते आणि देवता तिच्यात प्राण घालतात. पार्वतीने अंगच्या मळापासून गणपती घडवला तसाच हा प्रकार, बाप नाही. या मुलीचं नाव डायना. स्टीव्ह ट्रेव्हर या अमेरिकन वैमानिकाचं विमान बेटावर कोसळतं आणि त्याच्यासाठी ती अमेरिकेत येते. मनगटांवर रुंद कडी, त्यांवर ती गोळ्या झेलते. कमरेला जादूचा दोर. त्यात अडकला त्याला तिची आज्ञा मोडता येत नाही. या सगळ्या थाटात एक अट मात्र लपलेली आहे. एखाद्या पुरुषाने तिच्या कड्यांना साखळी जोडली की तिचं सारं बळ जातं. अ‍ॅमेझॉन स्त्रिया पूर्वी पुरुषांच्या कैदेत होत्या, त्याची आठवण म्हणून ही कडी घालायची आणि पुन्हा त्या फंदात पडायचं नाही, असा आफ्रोडाइटी देवीचा दंडक.

हा दंडक ज्याने लिहिला तो विल्यम मोल्टन मार्स्टन हा हार्वर्डमध्ये शिकलेला मानसशास्त्रज्ञ. कायद्याची पदवी, मानसशास्त्राची डॉक्टरेट, आणि रक्तदाब मोजून खोटं ओळखण्याच्या यंत्राचा आद्य पुरस्कर्ता. १९२३ मधल्या 'फ्राय' खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्याची ही चाचणी पुरावा म्हणून नाकारली, आणि तो निकाल अमेरिकी कायद्यात पुढे कित्येक वर्षं दाखल्याला घेतला जात राहिला. माणूस हुशार, बोलघेवडा आणि कुठेच फार दिवस न टिकणारा. १९११ मध्ये तो हार्वर्डच्या पहिल्या वर्षात असताना स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट इंग्लंडहून हार्वर्डच्या गावी, अमेरिकेतल्या केम्ब्रिजला आल्या. विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारात बोलू दिलं नाही. सभा बाहेरच्या एका सभागृहात झाली आणि गावभर गाजली. त्या काळच्या चळवळीत साखळीला फार मान होता. बायका स्वतःला रेलिंगला साखळदंडाने बांधून घेत, आणि व्यंगचित्रकार दोर तोडणारी, बेड्या झुगारणारी स्त्री पुन्हा पुन्हा काढत. वंडर वुमनचा चित्रकार हॅरी पीटर त्याच पिढीतला. 'जज' साप्ताहिकात मताधिकारावरचं पान निघायचं, त्यासाठी त्याने तरुणपणी चित्रं काढलेली होती. वंडर वुमन काढायला बसला तेव्हा तो साठीचा होता, आणि त्याच्या रेषेत ते जुनं वळण स्पष्ट दिसतं.

मार्स्टनच्या घराची गोष्ट त्याच्या यंत्रापेक्षा अजब आहे. बायको एलिझाबेथ हॉलोवे हीही कायद्याची पदवीधर. हार्वर्डचं विधी महाविद्यालय बायकांना घेत नव्हतं म्हणून ती बॉस्टन विद्यापीठात शिकली. आपण संतापलो की रक्तदाब चढतो, हे तिने सहज बोलून दाखवलं आणि त्यातून नवऱ्याला यंत्राची कल्पना सुचली, असं घरात सांगत. पुढे नवऱ्याच्या नोकऱ्या सुटत गेल्या तेव्हा विमा कंपनीत काम करून घर चालवलं तेही तिनेच. या घरात १९२५ नंतर आणखी एक बाई आली, ऑलिव्ह बर्न. ती टफ्ट्समध्ये मार्स्टनची विद्यार्थिनी होती. ती राहिली ती कायमचीच. दोघींना त्याच्यापासून प्रत्येकी दोन मुलं. ऑलिव्हच्या मुलांना तुमचे वडील वारले असं सांगण्यात आलं होतं. त्याच घरात त्याच वडिलांच्या मांडीवर बसून ती वाढली. ऑलिव्ह दोन्ही मनगटांत रुंद कडी घालायची. वंडर वुमनची कडी तिथून आली.

ही ऑलिव्ह म्हणजे मार्गारेट सँगर यांची भाची. १९१६ च्या ऑक्टोबरात सँगर आणि त्यांची बहीण एथेल बर्न यांनी ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल वस्तीत अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद केलं. ऑलिव्हची आई एथेल तुरुंगात गेली, तिथे उपोषणाला बसली, आणि तिच्या घशात बळजबरीने अन्न घालण्यात आलं. याच सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या, आणि दोघांचं काही जुळलं नव्हतं. त्याआधी चौदा वर्षं र. धों. कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र उघडलेलं होतं. ब्राउन्सव्हिलचं वारं आपल्याकडे पोचलं होतं ते असं. सँगर यांच्या घराण्यातून एक सुपरहिरोइन निघेल असं कर्व्यांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये एक खवचट टिपण नक्की लिहिलं असतं.

गेन्स आणि मार्स्टन यांची गाठ ऑलिव्हमुळेच पडली. ती 'ऑलिव्ह रिचर्ड' या नावाने 'फॅमिली सर्कल' मासिकात लिहायची. ऑक्टोबर १९४० मध्ये तिने डॉ. मार्स्टनची मुलाखत छापली. विषय होता कॉमिक्सचा मुलांवर होणारा परिणाम. आपण एका परक्या विद्वानाला भेटायला गेलो होतो, असा मुलाखतीचा सूर. ज्याच्या घरात ती राहते त्याचीच मुलाखत! डॉक्टरांनी कॉमिक्सची बाजू घेतली. सुपरमॅन येऊन दोन वर्षं झाली होती, पालक आणि मास्तर कॉमिक्सवर तुटून पडले होते, आणि गेन्सला अशा एका पदवीधर वकिलाची गरजच होती. त्याने मार्स्टनला सल्लागार मंडळावर घेतलं. मार्स्टन म्हणाला, या पुस्तकांची खरी खोड म्हणजे रक्ताला चटावलेलं पुरुषीपण, तेव्हा एक स्त्री आणा. १९४१ च्या फेब्रुवारीत त्याने पहिली संहिता पाठवली. नायिकेचं नाव 'सुप्रीमा, द वंडर वुमन' होतं. संपादक शेल्डन मेयरने 'सुप्रीमा' कापलं. वर्ष संपण्याआधी ती 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात अवतरली, मग 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या मुखपृष्ठावर आली आणि १९४२ च्या उन्हाळ्यात तिला स्वतःचं पुस्तक मिळालं. लेखकाचं नाव छापलं गेलं 'चार्ल्स मोल्टन'. गेन्सचं मधलं नाव चार्ल्स आणि मार्स्टनचं मोल्टन, त्यांची ही जोडगोळी. ऑलिव्ह किंवा एलिझाबेथच्या नावातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

आक्षेप लगेच सुरू झाले. १९४२ च्या मार्चमध्येच कॅथलिक बिशपांच्या एका संघटनेने 'सेन्सेशन कॉमिक्स' तरुणांना अयोग्य पुस्तकांच्या यादीत घातलं. कारण, नायिका पुरेसे कपडे घालत नाही. मग सल्लागार मंडळावरच्या बालसाहित्याच्या जाणकार जोसेट फ्रँक यांनी बांधलेल्या, छळल्या जाणाऱ्या स्त्रियांबद्दल तक्रार केली. मार्स्टन बधला नाही. त्याच्या मानसशास्त्रात प्रेमळ सत्तेपुढे स्वेच्छेने नमणं हा सद्गुण होता, आणि ते नमणं जगाला शिकवायला बाईइतकं योग्य कोणी नाही, असं तो मानायचा. हजार वर्षांत जगावर बायकांचं राज्य येईल असं त्याने १९३७ मध्ये वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून सांगितलं होतं.

मग त्या साखळ्या नेमक्या कसल्या? मताधिकाराच्या मोर्चातल्या, की सार्जंटच्या स्वप्नातल्या? मला वाटतं, दोन्ही, आणि मार्स्टनला ते ठाऊक होतं. तो ढोंगी होता असं मी म्हणणार नाही. त्याची नायिका दर अंकात साखळी तोडून बाहेर येते, बंदी केलेल्या दुसऱ्या बायकांना सोडवते, आणि पुरुषाने बांधू नये म्हणून आधीच शहाणी व्हा असं मुलींना बजावते. पण ती तोडायची म्हणून आधी बांधायची, आणि बांधायची ती फार निगुतीने, अगदी कडी कुठे अडकली, दोर कसा गुंडाळला याच्या तपशिलासह. पीटरच्या टेबलावर जाणाऱ्या संहितेत ते तपशील असत. रूबिचेकबाईंना खटकलं ते हे असावं, आणि त्यांचं खटकणं मला बिशपांच्या खटकण्यापेक्षा जास्त समजतं.

त्याच काळातला एक छोटा प्रसंग साखळ्यांहून बोलका आहे. १९४२ मध्ये वंडर वुमनला 'जस्टिस सोसायटी' या सुपरहिरोंच्या मंडळात घेतलं. हे मंडळ तिच्या लेखकाच्या हातात नव्हतं. तिथल्या गोष्टी गार्डनर फॉक्स लिहायचा. तिथे तिला कोणतं पद मिळालं? सेक्रेटरीचं. बाकीचे वीर लढाईवर निघाले की ही टपाल बघायला मागे राहायची, आणि त्याबद्दल आनंदही व्यक्त करायची. मार्स्टनच्या पुस्तकात तीच बाई हजार वर्षांनंतरच्या अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभी राहत होती. मधल्या पानांवर थोर स्त्रियांची चरित्रं येत, आणि त्या सदराची सहसंपादक म्हणून विम्बल्डनविजेती अ‍ॅलिस मार्बल हिचं नाव असे. पहिलं चरित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं.

१९४४ मध्ये मार्स्टन एका सेक्रेटरीच्या शाळेत मानसशास्त्र शिकवत होता. एका मुलीचा पेपर त्याला इतका आवडला की त्याने तिला लेखनिक म्हणून घेतलं. तिचं नाव जॉय हमेल, वय १९. त्याच वर्षी मार्स्टनला पोलिओ झाला. पुढे तो अंथरुणाला खिळला आणि हळूहळू ही मुलगी स्वतःच गोष्टी लिहू लागली. तिने सत्तरच्या वर संहिता लिहिल्या. तिच्या गोष्टींत साखळ्या कमी आणि परीकथा जास्त. छापताना सगळ्यांवर नाव तेच, चार्ल्स मोल्टन. १९४७ मध्ये मार्स्टन वारला. तिचं तेव्हा लग्न झालं होतं, तिने काम सोडलं.

त्याच वर्षी गेन्स एका बोटीच्या अपघातात गेला. आपला हिस्सा त्याने आधीच डीसी या कॉमिक्स कंपनीला विकला होता. एलिझाबेथने डीसीला लिहिलं, या नायिकेची जन्मकथा माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही, मला काम द्या. कंपनीने काम रॉबर्ट कॅनिगरला दिलं. त्याने ते वीस वर्षं केलं.

या वीस वर्षांवर मी फार रेंगाळणार नाही, कारण त्यात बघण्यासारखं थोडं आहे. १९४९ च्या अखेरीस 'सेन्सेशन'च्या ९४ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर स्टीव्ह ट्रेव्हर तिला दोन्ही हातांवर उचलून ओढा ओलांडतो, आणि विमान उचलणारी ही बाई लाजून हसते. एवढं एक चित्र पुरे. थोर स्त्रियांची चरित्रं बंद झाली आणि त्यांच्या जागी देशोदेशींच्या लग्नाच्या चालीरीती आल्या. स्टीव्ह दर अंकात मागणी घालतो आणि ती, जगातले गुन्हे संपले की मग, असं सांगते. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. तिथलीही डायनाच, डायना पामर, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, आणि दर दोन गोष्टींआड पळवून नेली जाणारी. १९३६ मध्ये सुरू झालेलं ते प्रियाराधन १९७७ मध्ये एकदाचं बोहल्यावर चढलं. फरक एवढाच की तिथे थांबवून ठेवणारा वेताळ होता, इथे थांबवणारी बाई होती, आणि वाचकाला कीव यायची ती स्टीव्हची.

१९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' आलं. हार्लेममध्ये गरिबांसाठी मानसोपचाराचा दवाखाना चालवणारा हा सज्जन डॉक्टर कॉमिक्सच्या मात्र हात धुऊन मागे लागला. त्याच्या मते बॅटमन आणि रॉबिन हे समलिंगी जोडपं, वंडर वुमन ही त्याचीच स्त्री आवृत्ती, मुलग्यांना धाक घालणारी आणि मुलींपुढे भलता आदर्श ठेवणारी. त्याने मुलांच्या जबान्या सोयीप्रमाणे जोडल्या-तोडल्या होत्या, हे २०१२ मध्ये कॅरल टिली या अभ्यासिकेने त्याचीच टिपणं तपासून दाखवून दिलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९५४ मध्येच प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. स्त्रियांचे अवयव फुगवून काढायचे नाहीत, हे त्यातलं एक कलम, आणि त्याला कोणी नाव ठेवणार नाही. दुसरं कलम असं, की प्रेमकथांनी घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य ठसवलं पाहिजे. १९५६ मध्ये बॅटमनसाठी बॅटवुमन आणली गेली. तिची हत्यारं पर्समध्ये होती, पावडरचा पफ आणि लिपस्टिक वगैरे.

१९६८ मध्ये मात्र गंमत झाली. बाहेर रस्त्यावर स्त्रीमुक्तीची चळवळ पेटत होती आणि पुस्तकाचा खप घसरत होता. डेनी ओ'नील हा तरुण लेखक आणि माइक सेकोव्स्की हा चित्रकार यांनी ठरवलं, नायिकेला नव्या काळात आणायचं. १७९ व्या अंकात अ‍ॅमेझॉन स्त्रिया दुसऱ्या जगात निघून जातात. डायना स्टीव्हसाठी मागे राहते आणि त्यापायी कडी, दोर, बळ सगळं देवघरात ठेवल्यासारखं ठेवून देते. पुढच्याच अंकात स्टीव्ह मारला जातो. आता ती पांढरा जंपसूट घालून कराटे खेळते, कपड्यांचं बुटिक चालवते, आणि तिला शिकवतो आय चिंग नावाचा एक आंधळा म्हातारा. साधी, स्वतःच्या मेहनतीवर उभी राहिलेली स्त्री दाखवणं म्हणजे पुरोगामी पाऊल, असं ओ'नीलला खरंच वाटत होतं. सुपरमॅनला मेहनतीवर उभं करावं असं कोणाला सुचलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. पुढे त्याने स्वतः याबद्दल खेद व्यक्त केला.

या चळवळीतल्या ग्लोरिया स्टायनम लहानपणी मार्स्टनच्या गोष्टींवर वाढल्या होत्या. १९७२ च्या जुलैत त्यांच्या 'मिझ' मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर जुन्या वेषातली, रस्त्याच्या मधोमध राक्षसाएवढी वंडर वुमन होती आणि वर अक्षरं, 'वंडर वुमन फॉर प्रेसिडेंट'. 'मिझ'मध्ये पैसा गुंतवणारी कंपनी आणि डीसीची मालक कंपनी एकच, वॉर्नर. स्टायनमबाईंनी बळ परत द्या म्हणून लकडा लावला. दरम्यान लेखणी आली होती सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय विज्ञानकथाकाराकडे. त्याने सहा अंकांची मालिका आखली. पहिल्यात किमान वेतनही न देणाऱ्या एका मोठ्या दुकानाविरुद्ध तिथल्या बायका उभ्या राहतात. शेवटच्यात गर्भपात केंद्र वाचवण्याचा लढा असणार होता. पहिला अंक मुखपृष्ठावर 'विमेन्स लिब' असा शिक्का मारून निघाला आणि तेवढाच निघाला. बळ परत द्यायचं ठरलं आणि डिलेनीची मालिका गुंडाळली गेली. एका चळवळीची दोन मागणी-पत्रकं एकमेकांना अशी आडवी आली. सँगरच्या भाचीची कडी परत मिळाली आणि सँगरच्या केंद्राची गोष्ट कचऱ्यात गेली.

२०४ वा अंक १९७३ च्या आरंभी आला. लेखक पुन्हा कॅनिगर. त्यात कडी परतली, दोर परतला, नुबिया नावाची काळी जुळी बहीण आली. पण गोष्टीच्या पहिल्याच पानावर एक माथेफिरू बंदूकवाला एका स्त्री संपादिकेला गोळी घालतो. तिचं नाव डॉटी कॉटनमन. डीसीमध्ये त्या सुमारास प्रेमकथा आणि 'लोइस लेन' संपादित करणाऱ्या बाईंचं नाव होतं डोरोथी वुलफोक. लोकरीचा कापूस केला, 'फोक'चा 'मॅन' केला आणि डोरोथीची डॉटी. वुलफोक हे सासरचं नाव. माहेरच्या त्या डोरोथी रूबिचेक. तीस वर्षांपूर्वी साखळ्यांना पर्याय सुचवणारी यादी केली होती ती यांनीच.

त्याच १९७३ मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून फेकली गेली, आणि नायकाला दुःख व्हावं म्हणून बाई मारण्याची चाल पडली. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्नच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं निघालं. पुढे गेल सिमोन या वाचक बाईने अशा बळींची यादी करायला घेतली. १९९९ मधली ती यादी इतकी लांबत गेली की 'फ्रिजमधल्या बायका' हा वाक्प्रचारच झाला. २००७ मध्ये डीसीने 'वंडर वुमन' लिहायला याच बाईंना बोलावलं. २०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वुमनला मानद राजदूत नेमलं. त्याच महिन्यात सरचिटणीसपदासाठी उभ्या असलेल्या तेरा उमेदवारांतल्या सातही स्त्रिया मागे पडून एक पुरुष निवडला गेला होता. राष्ट्रसंघातल्या कर्मचाऱ्यांनी विरोधाचा अर्ज फिरवला, त्यावर ४५ हजारांच्या आसपास सह्या जमल्या, आणि दोन महिन्यांच्या आत नेमणूक संपली.

एलिझाबेथ आणि ऑलिव्ह मार्स्टनच्या मागे चाळीसहून अधिक वर्षं एकाच घरात राहिल्या. ऑलिव्ह १९९० मध्ये गेली, एलिझाबेथ १९९३ मध्ये, शंभर वर्षांची होऊन. जॉय हमेलने आपल्याकडचे कागद जपून ठेवले होते. २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये तिला बिल फिंगर पुरस्कार मिळाला. बॅटमन घडवूनही ज्याचं नाव पुस्तकावर येत नव्हतं, त्या लेखकाच्या नावाचा हा पुरस्कार. ती तेव्हा ९४ वर्षांची होती.